भाचीच्या खात्यात भरलेले, पुतण्यासाठी पाठवलेले

माझी बहीण कॅलिफोर्नियात राहते, मी पेनसिल्व्हेनियात. तिने मुलीच्या शिक्षणासाठी '५२९' खाते, म्हणजे अमेरिकी राज्यांच्या योजनांतले करसवलतीचे बचत खाते, उघडले आहे. त्यात ती स्वतः भरते त्या पैशांवर तिच्या राज्यात काहीच वजावट नाही. मी त्याच खात्यात भरलेली रक्कम मात्र माझ्या राज्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते, कारण खाते कोणाचे, मुलीशी नाते काय, योजना कोणत्या राज्याची, यांपैकी काहीच पेनसिल्व्हेनियाचा कायदा विचारत नाही. २०२५ साठी ही मर्यादा प्रत्येक विद्यार्थ्यामागे १९,००० डॉलर आहे. अर्थात येथील कर ३.०७ टक्के असल्याने ५,००० डॉलर भरून माझे वाचतात जेमतेम दीडशे. खरा लाभ असा की खात्यातली वाढ शिक्षणावरच खर्च झाली, तर तिच्यावर केंद्राचाही कर लागत नाही.

सांगलीच्या भावाशी फोनवर बोलणे निघाले की विषय जुनी करप्रणाली की नवी, हाच. मुलाच्या फीची वजावट जाईल म्हणून तो जुनीला चिकटून आहे. मला खटकते ते वेगळेच: दीड लाखांच्या मर्यादेतली ती वजावट फक्त स्वतःच्या दोन अपत्यांपुरती आहे. मामाच्या घरी राहून, वार लावून जेवून जिथे पिढ्या शिकल्या, तिथे पुतण्याची फी भरणाऱ्या काकाला कायदा ओळखतच नाही. काकाने पुतण्याला दिलेली भेट तेवढी करमुक्त आहे. (पुतण्याने वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक काकाला दिले, तर मात्र काकाला त्यावर कर पडतो!)

अमेरिकेचे औदार्यही सीमेवर थांबते. अमेरिकी ओळख क्रमांक नसलेल्या पुतण्याच्या नावाने मला असे खाते काढता येत नाही. भाची उद्या सांगलीत शिकायला गेली, तरी तिथले महाविद्यालय अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-साहाय्याला पात्र नसेल, तर खात्यातील वाढीवर कर आणि वर दहा टक्के दंड.

बहुतेक वजावटी काढून दर कमी करणारी भारतातली नवी प्रणाली मला त्यामानाने प्रामाणिक वाटते. पण शिक्षणासाठी एखादी सवलत ठेवायचीच असेल, तर ती फीच्या पावतीला जोडावी, जन्मदाखल्याला नव्हे. भावाला हे पटत नाही. पुतण्याच्या या सत्राच्या फीसाठी मी गेल्या आठवड्यात पैसे पाठवले; ते दोन्ही देशांतल्या कोणत्याच वजावटीच्या रकान्यात दिसणार नाहीत.