सियाचीनचं पाणी जायकवाडीत? मधली चढण कोण मोजणार?

टँकर सुरू झाले की मराठवाड्यातल्या ग्रुपांवर हा मेसेज हमखास येतो: ‘सियाचीनचं पाणी फुकट पाकिस्तानात चाललंय. सिंधू करार थांबलाय. लडाख उंचावर, आपण खाली. नुसता कालवा काढा, जायकवाडी भरेल. हिमनदी तर बारमाही!’

आधी नदी कुठं जाते ते पाहू. सियाचीनमधून नुब्रा निघते आणि दिस्कितजवळ श्योकला मिळते. श्योक रिमो हिमनदीतून निघून आग्नेयेला उतरते, मग एकदम उलटी वायव्येला फिरते आणि तुर्तुकवरून पलीकडे जाऊन स्कर्दूच्या वरच्या अंगाला सिंधूला मिळते. खोऱ्याचा उतारच आपल्याकडे पाठ करून आहे.

‘आपण खाली’ हे अर्धंच खरं. दिस्कित सुमारे ३,१०० मीटरवर, जायकवाडीची पूर्ण पातळी ४६४ मीटर. लडाख, झांस्कर, मुख्य हिमालय, पीर पंजाल या सगळ्या रांगा बोगद्यांनी पार केल्या असं धरू (रोहतांगचा अटल बोगदा एकटाच ९ किमीचा आहे). पुढं काय? लुधियाना २५० मीटरच्या आसपास, दिल्ली त्याहून खाली. म्हणजे पंजाबच्या मैदानापेक्षा जायकवाडीच दोनशे मीटर उंच! त्यात वाटेत माळव्याचं ५०० मीटरचं पठार, नर्मदा-तापीची खोरी, अजिंठ्याचा डोंगर. एकच ३०० मीटरची चढण धरा: ८० टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला हजार लिटरमागं साधारण १ युनिट लागतं. एका टीएमसीला (म्हणजे एक अब्ज घनफूट पाण्याला) २.८ कोटी युनिट, पाइपातलं घर्षण वेगळं. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६ टीएमसींहून जास्त आहे.

बारमाहीचं म्हणाल तर या नद्यांना खरं पाणी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे आपल्याकडं पावसाळा असताना. हिवाळ्यात धार बारीक होते; शेजारची झांस्कर तर इतकी गोठते की माणसं तिच्यावरून चालत जातात. आपली बोंब एप्रिल-मेची, तेव्हा तिकडं वितळायला नुकती सुरुवात झालेली असते.

करार एप्रिल २०२५ पासून स्थगित आहे, हे बरोबर. त्यानं डोंगर हलत नाहीत.

मग तिथंच धरण बांधून साठवा, असं कुणी म्हणेल. हिमनदी दगड घासत सरकते, त्याची पिठी पाण्यात उतरते. ती जलाशयात साचते आणि पंपाचे पंखे झिजवते. शिवाय चोंग कुमदान हिमनदीनं श्योक अडवून आपोआपच एक तलाव केला होता. तो ऑगस्ट १९२९ मध्ये फुटला आणि लोंढा सिंधूतून अटकेपर्यंत गेला.