पत्त्यातच लिहिलाय दर

परवा रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तळमजल्यावरच्या काकांचा मेसेज आला: "वेबसाइट अस्तित्वात नाही. स्वतः खात्री केली आहे. सभासदांनी सावध राहावे." खाली पुरावा म्हणून त्यांच्या फोनचा स्क्रीनशॉट. त्याखाली तिघांचे अंगठे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं "बापरे". वहिनींना टँकर उशिरा आला तरी बापरे वाटतं, त्यामुळे ते मी सोडून दिलं. अंगठेवाल्यांची नावं मात्र लक्षात ठेवली आहेत.

वेबसाइट मी केलेली. मी वेब डेव्हलपमेंट शिकतेय. त्याआधी बरीच वर्षं नारायण पेठेत डीटीपी करत होते. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं. पत्रिका आता फोनवरच जातात, अहवाल तेव्हाही कोणी वाचत नव्हतं. मला सरावाला एखादी खरी साइट हवी होती आणि सेक्रेटरींना सोसायटीची साइट हवी होती, फुकट. तेव्हा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये कमिटीची मीटिंग भरली आणि प्लॅस्टिकच्या टेबलावर माझा लॅपटॉप ठेवला गेला.

साइट बनवताना ती आधी आपल्याच मशीनवर चालवून बघतात. तिचा पत्ता असतो लोकलहोस्ट, आकड्यांत 127.0.0.1. खरं तर 127 ने सुरू होणारे सगळेच पत्ते, म्हणजे 1 कोटी 67 लाखांच्या वर, याच कामासाठी राखून ठेवलेत. त्यातला कुठलाही टाका, फिरून आपल्याच मशीनच्या दारात. जगभर पत्ते संपले म्हणून ओरड होते आणि इतके पत्ते नुसते स्वतःशी बोलायला अडवून ठेवलेले. ज्यांनी हे ठरवलं ती माणसं कुठल्या तरी सोसायटीच्या कमिटीवर नक्की असणार.

काकांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीनला नाक लावलं. साइटवर गणपती होता, नोटिसा होत्या, प्लंबरचा नंबर होता. त्यातलं काहीही त्यांनी बघितलं नाही. त्यांनी वरची पट्टी वाचली.

"हे काय लिहिलंय?"

"लोकलहोस्ट, काका. म्हणजे साइट अजून फक्त या लॅपटॉपवर आहे."

"आणि त्याच्यापुढे?"

"तीन हजार. तो पोर्ट."

"तीन हजार." काकांनी खजिनदारांकडे वळून बघितलं. "मी म्हणत होतो ना, फुकट कोणी करत नाही. पत्त्यातच लिहिलाय दर."

मी म्हटलं, काका, तो दर नाही. एकाच मशीनवर अनेक प्रोग्रॅम चालू असतात, कोणाशी बोलायचंय ते कळावं म्हणून प्रत्येकाला नंबर असतो. बिल्डिंग एक, फ्लॅट नंबर वेगळे, तसं.

इथे माझं चुकलं असं कोणी म्हणू नये, हे उदाहरण क्लासातही देतात.

"आपल्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट किती?"

"बत्तीस."

"मग बत्तीस लिही."

"खालचे नंबर घेता येत नाहीत, काका. 1024 च्या आतले सिस्टिमसाठी राखीव असतात."

"म्हणजे तिथेही बिल्डरने अडवून ठेवलेत." यावर सगळ्या कमिटीने मान हलवली. आमच्या बिल्डरने पार्किंगचे चार गाळे अजून सोडलेले नाहीत, त्यामुळे पोर्ट ही संकल्पना त्या क्षणी सर्वांना उत्तम समजली, आणि मी साफ हरले.

खजिनदार सभ्य माणूस. घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, तीन हजार जरा जास्त होतात. दोन करा ना."

मी त्यांच्याकडे बघितलं. मग काकांकडे. मग एक ओळ बदलली, सर्व्हर बंद करून परत चालू केला, आणि लोकलहोस्टच्या पुढे 2000 टाकून तेच पान, तोच गणपती, तोच प्लंबर उघडून दाखवला.

काय समाधान पसरलं! "बघा, मागितलं की कमी होतं," खजिनदार म्हणाले. मागून कोणीतरी कुजबुजलं, "दीड म्हणायला हवं होतं." इतिवृत्तात नोंद झाली: वेबसाइटसाठी रु. 2000 मंजूर. मी पैसे मागितलेच नव्हते. पण एकदा मंजूर झालेले पैसे न मिळण्याचं दुःख वेगळं असतं, ते सध्या मी भोगतेय.

काकांनी मात्र आधीच्या, तीन हजारवाल्या पत्त्याचा फोटो काढून ठेवला होता. घरी जाऊन त्यांनी तो स्वतःच्या फोनमध्ये टाकला. फोनने प्रामाणिकपणे स्वतःच्याच पोटात साइट शोधली, ती नव्हती, आणि तसं इंग्रजीत कळवलं: लोकलहोस्ट रिफ्यूज्ड टु कनेक्ट. काकांनी अर्थ लावला की सौदा दोन हजारांत झाल्यावर बाईंनी नकार कळवलाय.

या काकांचा नातू अमेरिकेत आहे. तो म्हणाला म्हणे की हल्ली एआय अख्खी साइट दोन मिनिटांत करून देतं, शिकायचं काय त्यात. मी म्हटलं, मग त्यालाच सांगा की करायला. "तो बिझी असतो," काका म्हणाले. दोन मिनिटंही नसावीत इतका.

एआयचं हे हल्ली प्रत्येक जण ऐकवतो, भाजीवालीसुद्धा. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा मी अजून पत्रिकांतल्या "आमच्या येथे श्रीकृपेकरून" वर पोट भरत होते. ज्या गावाला निघाले ते गाव उठलं अशी बातमी स्टँडवरच मिळावी, आणि तीही ज्याला कुठेच जायचं नाही त्याच्याकडून! बरं, एआयने दिलेला कोड चालला नाही तर का चालला नाही हे कळायला कोड यावाच लागतो. हे मी काकांना सांगितलं नाही. बत्तीस लिही म्हणाले असते.

डीटीपीवालीला वेब जड जात नाही असा माझा समज होता. शेवटी पानच लावायचं ना? पण डीटीपीत पान कागदाचं असतं, त्याला चार कडा असतात. वेबला कागदच नाही. कोणी फोनवर बघणार, कोणी भिंतीएवढ्या पडद्यावर, कोणी अक्षरं दुप्पट करून. पानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसची कल्पना होकन व्हियुम ली यांनी 1994 साली मांडली, 1996 च्या डिसेंबरात ती प्रमाण झाली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं एखादी चौकट पानाच्या बरोबर मधोमध, उभीही आणि आडवीही, ठेवायला जगभरची शहाणी माणसं आडमार्गाने जात होती. डीटीपीच्या पेजमेकर या प्रोग्रॅममध्ये मी हे चहाचा कप न खाली ठेवता करत असे. आता सीएसएसमध्ये फ्लेक्सबॉक्स ही सोय आलीय म्हणून बरं, तीन ओळींत जमतं. पण त्या तीन ओळी चौकटीला लावायच्या नसतात, चौकटीच्या बाहेरच्या चौकटीला लावायच्या असतात. आपलं हलावं म्हणून शेजारच्याला धक्का द्यायचा. हे तत्त्व सोसायटीत राहणाऱ्याला खरं तर सोपं जायला हवं.

मग जावास्क्रिप्ट. पानाला हालचाल आणि हिशेब शिकवणारी ही भाषा ब्रेंडन आइक यांनी 1995 च्या मे महिन्यात नेटस्केप या ब्राउझरवाल्या कंपनीत बसून दहा दिवसांत केली. दहा दिवसांत दिवाळी अंक काढणारे संपादक मी बघितलेत, त्यामुळे परिणामांचं आश्चर्य वाटलं नाही. अवतरणचिन्हांतल्या 5 मध्ये 3 मिळवले तर उत्तर येतं 53. त्याच 5 मधून 3 वजा केले तर येतात 2. बेरीज करताना ती 5 ला अक्षर समजते, वजाबाकी करताना अंक. आणि फॉर्मच्या रकान्यात माणूस जे काही भरतो ते तिच्याकडे अक्षर म्हणूनच पोचतं. म्हणजे मेंटेनन्स 1800, उशिराचा दंड 200, आणि मध्ये आपण काही केलं नाही तर एकूण येणे 1800200. मी अर्थातच करते. पण एका फ्लॅटपुरतं करू नये असा मोह आवरायला कष्ट पडतात. काका लिफ्टचे पैसे भरत नाहीत. "तळमजल्याला लिफ्ट कशाला?" या एका प्रश्नावर त्यांची थकबाकी साठत आलीय.

खरा राग मला मराठीचा येतो. म्हणजे मराठीचा नाही, मराठीच्या वाट्याला जे येतं त्याचा. क्लासात सभासद नोंदणीचा फॉर्म करायला लावला, त्यात नाव बरोबर आहे का हे तपासायचा नियम शिकवला: ए ते झेड चालेल, बाकी चूक. मी "ज्योत्स्ना" लिहिलं. लाल अक्षरांत उत्तर आलं, कृपया योग्य नाव लिहा. मी हात वर केला. सर म्हणाले, "मॅम, नाव इंग्लिशमध्येच टाकतात सगळे." सगळे म्हणजे कोण? माझी सासू टाकत नाही. मग लांबी मोजून बघितली: वाचताना ज्यो आणि त्स्ना, दोन अक्षरं, जावास्क्रिप्टच्या हिशेबात 10, कारण हलन्त आणि काना-मात्रा सगळे वेगळे धरले जातात. नावाला आठ अक्षरांची मर्यादा घातलेला फॉर्म असेल तर बिचारी शेवटचा न सुद्धा गमावून बसेल. डीटीपीत आमचे जुने फॉन्ट ज्याच्याकडे नसतील त्याच्या मशीनवर अख्खं पान म्हणजे इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसायचा, प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडने तो जाच संपवला. एवढं करून मराठी पडद्यावर आली आणि दारातल्या रकान्याने तिला नाव विचारून परत पाठवलं.

क्लासाबद्दल बोलू नये असं ठरवलं होतं. फी पाच आकडी. भिंतीवर 100 टक्के प्लेसमेंट, पुढे तारा, आणि ताऱ्याचा खुलासा खाली इतक्या बारीक टायपात की डीटीपीवाली म्हणून मला त्या हाताचं कौतुक वाटलं: "असिस्टन्स". शिकवणारा मुलगा आधीच्या बॅचचा विद्यार्थी. प्लेसमेंट म्हणतात ती हीच असावी.

नवरा म्हणाला, हे सगळं फुकट मिळतं ना? मिळतं. एमडीएन या साइटवर प्रत्येक टॅगची, म्हणजे पान रचायच्या खुणेची, माहिती आहे, फ्रीकोडकॅम्प ही साइट 2014 पासून दमडी न घेता शिकवतंय, आणि दोन्ही माझ्या क्लासापेक्षा बरे आहेत. पण फुकट शिकणाऱ्या बाईला गॅसवाला आला की उठावं लागतं. कुरिअर आलं की उठावं लागतं. नणंदेचा फोन घ्यावा लागतो. फी भरली की घर सकाळचे दोन तास देतं, तेही पैसे वाया जाऊ नयेत म्हणून. ती फी मी शिकण्याची भरली नाही, दार लावून बसण्याची भरली.

आणि एवढं करून जाहिराती बघाव्यात तर "फ्रेशर हवा, अनुभव किमान 2 वर्षं". रिअॅक्ट, नोड, मोंगोडीबी, गिट, क्लाउड, शिवाय "तरुण, उत्साही टीम". एका मुलाखतीला गेले. समोरच्या मुलीने सीव्ही वाचला आणि विचारलं, "डीटीपी हे कुठलं फ्रेमवर्क आहे? नवीन आहे का?" मी म्हटलं, जुनं आहे, पण स्टेबल आहे. तिने लिहून घेतलं. पुढे फोन आलेला नाही.

असो. साइट काल गिटहबवर, म्हणजे नेटवरच्या सर्व्हरवर, चढवली, तीही फुकट, आता ती कोणाच्याही फोनवर उघडते. काकांच्या सगळ्या सूचना अमलात आणल्या आहेत. एक सोडून: प्रत्येक नोटिशीपुढे "नवीन" असं लुकलुकायला हवं होतं, सरकारी साइटवर असतं तसं. त्यासाठी नेटस्केपच्या काळात ब्लिंक नावाचा टॅग होता, तो ब्राउझरवाल्यांनी काढून टाकला, फायरफॉक्सनेही 2013 मध्ये. काकांना हे ऐकून खरोखर वाईट वाटलं.

दुसरी सूचना मात्र जमण्यासारखी होती. बातम्यांच्या चॅनेलवर खाली पट्टी पळते तशी पट्टी. "त्याला मार्की म्हणतात, काका, पण ते बाद झालंय. एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेच्या, नियमांतच तसं लिहिलंय."

"बाद झालंय म्हणजे चालत नाही?"

"चालतं. सगळ्या ब्राउझरमध्ये चालतं."

"मग बरोबर. आमच्या खात्यातही असंच होतं," काका म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.

पट्टीत काय टाकायचं यावर चर्चा होऊन थकबाकीदारांचे फ्लॅट नंबर टाकायचा ठराव झाला. अनुमोदन काकांचं. लिफ्टचे पैसे ही थकबाकी नसून वाद आहे असं त्यांचं मत; खजिनदारांच्या वहीत वादाचा वेगळा रकाना नाही. ज्येष्ठांना वाचता यावं म्हणून पट्टी हळू ठेव, हेही त्यांनीच बजावलं. मार्कीचा वेग सांगितला नाही तर 6 धरला जातो. मी 1 ठेवलाय. नंबर चढत्या क्रमाने आहेत, त्यामुळे सुरुवात तळमजल्यापासून होते.