पादुआची एलेना राहून गेली

इटलीतल्या पादुआ शहरावरच्या या लेखात गॅलिलिओ आणि संत अँथनी दोघेही छान आले आहेत, पण एलेना कोर्नारो पिस्कोपिया हे नाव नाही याची फार हळहळ वाटली. व्हेनिसच्या बड्या घराण्यातली ही मुलगी लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकलेली. पादुआ विद्यापीठात तिच्यासाठी धर्मशास्त्रातली डॉक्टरेट मागितली, तर बिशप बार्बारिगो यांनी बाईमाणसाला ती द्यायला साफ नकार दिला. शेवटी तत्त्वज्ञानावर तडजोड झाली. २५ जून १६७८ ला परीक्षा, आणि गर्दी एवढी की ती विद्यापीठाऐवजी कॅथेड्रलमध्ये घ्यावी लागली! ॲरिस्टॉटलच्या आयत्या वेळी दिलेल्या उताऱ्यांवर ती लॅटिनमध्ये बोलली आणि सगळ्यांना जिंकून गेली. अवघ्या ३८ वर्षांची असताना वारली. पुढे कितीतरी वर्षं त्या विद्यापीठाने दुसऱ्या कुठल्याही बाईला पदवी दिली नाही, हे मनाला जास्त लागतं.

याच विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या फॅब्रिशियसच्या शरीरविच्छेदनगृहावरही जरूर लिहा. लाकडी, लंबगोल, एकावर एक सहा अरुंद सज्जे; विद्यार्थी दाटीवाटीने उभे राहून खालच्या टेबलाकडे बघत. रक्ताभिसरण उलगडणारा विल्यम हार्वे १६०२ मध्ये इथूनच पदवी घेऊन गेला. शिरांमधल्या झडपांचं ज्ञान त्याला फॅब्रिशियसकडूनच मिळालं होतं.