टॉरिनची बातमी आणि शाळेजवळची टपरी

मे २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांचा टॉरिन या एनर्जी ड्रिंकमध्ये असणाऱ्या घटकावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हापासून ‘एनर्जी ड्रिंकने कर्करोग होतो’ हा त्याचा सोपा केलेला अर्थ पुण्यातल्या नातेवाइकांकडून मला इंग्लंडमध्ये वारंवार ऐकायला मिळतो. त्यामागची काळजी खरी आहे, पण त्या अभ्यासाने असे म्हटलेले नाही.

टॉरिन आपल्या शरीरातच तयार होते आणि मासे-मांसातूनही मिळते. संशोधकांना दिसले ते असे, की अस्थिमज्जेतील काही निरोगी पेशी टॉरिन बनवतात आणि ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशी, ज्यांना ते स्वतः पुरेसे बनवता येत नाही, एका वाहक प्रथिनाच्या मदतीने ते आत ओढून घेऊन ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवण्याचा वेग वाढवतात. हा वाहक रोखल्यावर रोगाची वाढ मंदावली. उलट, ल्युकेमिया झालेल्या उंदरांना वरून टॉरिन दिल्यावर ते लवकर दगावले. म्हणजे प्रश्न आधीच झालेल्या रोगाला खतपाणी मिळण्याचा आहे, निरोगी माणसाला नव्याने रोग होण्याचा नाही. शिवाय सगळे कर्करोग सारखे वागत नाहीत: २०२४ मध्ये ‘सेल’मध्ये आलेल्या जठराच्या कर्करोगाच्या अभ्यासात उंदरांना दिलेल्या टॉरिनने थकलेल्या रोगप्रतिकारक पेशींना पुन्हा बळ आल्याचे आढळले होते.

अडीचशे मिलिलिटरच्या नेहमीच्या डब्यात साधारण १००० मिलिग्रॅम टॉरिन आणि ८० मिलिग्रॅम कॅफिन असते. इंग्लंडमधला वाद यातल्या कॅफिनवर उभा आहे. मोठ्या सुपरमार्केटांनी २०१८ पासून सोळा वर्षांखालील मुलांना ही पेये विकणे स्वतःहून थांबवले आहे, आणि लिटरमागे १५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन असलेल्या पेयांच्या अशा विक्रीवर कायद्यानेच बंदी घालण्याचा प्रस्ताव सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये मांडला. झोप उडणे, छाती धडधडणे, वर्गात लक्ष न लागणे ही कारणे शिक्षकांना आणि पालकांना रोज दिसणारी आहेत. त्यांना कर्करोगाच्या भीतीचा आधार लागत नाही. (पोलंडने २०२४ पासून अठरा वर्षांखालील मुलांसाठी लागू केलेल्या बंदीत टॉरिनचाही समावेश आहे, पण तो कायदा या अभ्यासाच्या आधीचा आहे.)

महाराष्ट्रातही सुरुवात योग्य मुद्द्यावर झाली होती. जुलै २०२४ मध्ये तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या परिसरात जास्त कॅफिनच्या पेयांची विक्री रोखण्याचे विधान परिषदेत सांगितले. माझ्या मते चर्चा तिथेच टिकायला हवी, कारण वीस रुपयांची बाटली शाळेजवळच्या टपरीवर मिळते की नाही, हे कोणत्याही पालकाला स्वतः पाहता येते आणि त्याचा जाब विचारता येतो. उद्या कर्करोगाचा दावा खोटा ठरला, तर त्याच्यासोबत कॅफिनची खरी तक्रारही लोक झटकून टाकतील, ही मला अधिक मोठी धास्ती वाटते.

मात्र एका घराने ही बातमी अवश्य मनावर घ्यावी: ज्या घरात ल्युकेमियाचा रुग्ण आहे. केमोथेरपीचा त्रास कमी व्हावा म्हणून टॉरिन देण्याचे प्रयोग पूर्वी झालेले आहेत, आणि ताकदीसाठी म्हणून पावडरी व गोळ्या आणून देणारे नातेवाईक आपल्याकडे पुष्कळ असतात. अशा रुग्णाने एनर्जी ड्रिंक किंवा टॉरिनचे पूरक घेण्याआधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावे, आणि तज्ज्ञांनीही औषधांच्या यादीबरोबर या डब्यांची चौकशी स्वतःहून करावी.