संघ सोडू पाहणाऱ्यांसाठी चार समजुतीच्या गोष्टी

उद्या तुमच्या हाती एखादा देश आला आणि तो एखाद्या संघातून बाहेर काढायची हुक्की आली, तर गांगरू नका. युरोपीय संघ सोडताना ब्रिटनने वाट चांगली मळून ठेवली आहे.

आधी सार्वमत. ५२ विरुद्ध ४८ टक्के एवढा कौलही पुरतो. त्याला जनतेची इच्छा म्हणायचं आणि त्या ४८ टक्क्यांचं नाव काढायचं नाही. बाहेर पडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असं कोणी विचारलं तर तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मेबाईंचं उत्तर तोंडावर फेका: ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट.

प्रचारात 'संसदेचे अधिकार परत आणू' म्हणून घसा कोरडा करा आणि जिंकल्यावर त्याच संसदेला विचारावं लागू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडा. ८ विरुद्ध ३ असे हरलात तरी बिघडत नाही. निकालानंतर दोनच दिवसांत, २६ जानेवारी २०१७ रोजी, संसदेची परवानगी मागणारं विधेयक हजर झालं होतं.

ते आखूड असू द्या. ब्रिटनच्या विधेयकात कलमं दोन: पहिल्यात संघ सोडत असल्याची नोटीस देण्याची पंतप्रधानांना मुभा, दुसऱ्यात कायद्याचं नाव. आपल्याकडचा अकरा महिन्यांचा भाडेकरारसुद्धा याहून लांबलचक असतो. खासदारांनी १ फेब्रुवारीला ४९८ विरुद्ध ११४ मतांनी हिरवा कंदील दाखवला. पुढे करायचं काय हे सांगणारी श्वेतपत्रिका निघाली २ फेब्रुवारीला! त्यातल्या एका आलेखात ब्रिटिश कामगारांना वर्षाला १४ आठवडे भरपगारी रजा देऊन टाकली होती. (खरोखर मिळणार असती तर मीही 'बाहेर'वरच शिक्का मारला असता.)

विरोधकांची धास्ती नको, मजूर पक्षाने बाजूने मत द्यायचा पक्षादेशच काढला होता. तुमच्या पक्षातून एखादा केनेथ क्लार्क विरोधात जाईल, जाऊ द्या. लॉर्ड्स या वरच्या सभागृहातली उमराव मंडळी कुरकुरतील: युरोपीय नागरिकांचे हक्क राखा, शेवटच्या करारावर संसदेचं मत घ्या. अशा वेळी मेबाईंसारखं लॉर्ड्सच्या सभागृहात सिंहासनाच्या पायरीवर जाऊन बसावं, तोंडातून शब्द न काढता. दोन्ही दुरुस्त्या खासदारांनी १३ मार्चला उडवल्या आणि त्याच रात्री उमरावांनी मान तुकवली.

१६ मार्चला राणीची संमती, २९ मार्चला नोटिशीचं पत्र ब्रसेल्सला युरोपीय परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष डोनाल्ड टस्क यांच्या हाती. आता बाहेर पडायच्या दोन वर्षांच्या मुदतीचं घड्याळ सुरू झालं. हाच मुहूर्त साधून मध्यावधी निवडणूक लावा आणि हातातलं बहुमत घालवून बसा.

मुदतवाढीच्या अर्जाचा मसुदा मात्र आत्ताच करून ठेवा, तीनदा लागेल. मेबाईंनंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी तर तो सहीच न करता पाठवला आणि सोबत स्वतःच्या सहीचं दुसरं पत्र जोडलं, की वर मागितलेली मुदतवाढ ही चूक ठरेल. मिळाली.