संप्रेरकांच्या गोळ्या आणि हृदयविकार : त्या संदेशाला उत्तर

गेल्या रविवारी धाकट्या बहिणीने गोळ्यांची अर्धवट संपलेली पट्टी माझ्यासमोर ठेवली आणि ‘ताई, मी हे बंद केलंय’ म्हणत फोन पुढे केला. नातेवाइकांच्या गटावरचा तो संदेश सांगत होता की, पाळी गेल्यावर घ्यायच्या संप्रेरकांच्या गोळ्यांनी हृदयविकाराचा झटका येतो, अमेरिकेत याचसाठी चाचणी थांबवावी लागली, म्हणून कोणत्याही वयाच्या बाईने त्या घेऊ नयेत आणि त्याऐवजी शतावरी घ्यावी.

चाचणी थांबली, हे खरे आहे. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या पाळी गेलेल्या स्त्रियांवरच्या अमेरिकी चाचणीतील इस्ट्रोजेन (अंडाशयात तयार होणारे स्त्री-संप्रेरक) आणि प्रोजेस्टिन (गर्भाशयाचे अस्तर जपण्यासाठी त्यासोबत दिले जाणारे संप्रेरक) एकत्र देण्याचा भाग जुलै २००२ मध्ये मुदतीआधी बंद झाला, मात्र त्यास मुख्यतः स्तनांच्या कर्करोगाचे वाढलेले प्रमाण कारणीभूत होते. हृदयविकाराचे प्रमाण वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे ३० वरून ३७ झाले. या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पाळी जाऊन दहा वर्षेही न झालेल्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराची अशी वाढ आढळली नाही, हे त्याच संशोधकांनी २००७ मध्ये मांडले.

‘कोणत्याही वयाच्या बाईने’ हे शब्द मात्र मला सहन होत नाहीत. माझी बहीण ४२ वर्षांची आहे, आणि दोन वर्षांपूर्वी तिच्या गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशये काढावी लागली. त्या चाचणीत पन्नाशीच्या आतली एकही स्त्री नव्हती. शिवाय गर्भाशय नसल्याने ती नुसते इस्ट्रोजेन घेते, आणि चाचणीच्या नुसत्या इस्ट्रोजेनच्या भागात हृदयविकार वाढलेला दिसला नाही. उलट इतक्या लवकर अंडाशये गेलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेन मिळाले नाही, तर तिच्या हृदयाला आणि हाडांना धोका वाढतो. म्हणूनच, स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसेल तर, पाळी एरवी जाते त्या वयापर्यंत ते घ्यावे असा सल्ला दिला जातो. हृदयाच्या भीतीने तिने नेमके तेच सोडले होते.

केवळ हृदयविकार टाळण्यासाठी ही औषधे सुरू करू नयेत, आणि गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा व पक्षाघाताचा धोका वाढतो, एवढे मात्र मान्य करावे लागते. पूर्वी झटका येऊन गेलेल्या बाईला त्या सहसा देत नाहीत. शतावरी इस्ट्रोजेनची जागा घेते याला आधार नाही.

बुधवारी तिच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आणि शस्त्रक्रियेची फाईल कपाटातून काढून ठेवली आहे.