मी फक्त छापतो

फ्लेक्सच्या धंद्यात मला चौदा वर्षं झाली. आपल्या कोल्हापुरात फ्लेक्सशिवाय कुणाचा वाढदिवस होत नाही, कुणी बारावी पास होत नाही आणि कुणी धड मरतही नाही. बुद्ध पौर्णिमेलाही बोर्ड लागतात. मधोमध मिटल्या डोळ्यांचे भगवान बुद्ध आणि खाली गॉगल घातलेले बावीस शुभेच्छुक. मी स्वतः बौद्ध आहे आणि ते बोर्ड मीच छापतो, तेव्हा हसणाऱ्यांनी आधी मला हसावं.

आज लिहायचंय ते जून २०२३ बद्दल. ७ तारीख तुम्हाला आठवत असेल. मोबाईलवरच्या स्टेटसवरून हिंदू-मुस्लिमांत पेटलेलं वातावरण, बंदची हाक, दगडफेक, लाठीमार, नेट बंद. नेट नसल्यामुळं व्हॉट्सॲपवर डिझाईन येईना, म्हणून एक गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊनच दुकानात आलं. दहा बाय पंधरा, अर्जंट. मजकुरात कुणाचं नाव नव्हतं, पण कुणाला उद्देशून आहे ते शेंबड्या पोरालाही कळावं असा होता. मी तो वाचला. वाचला नव्हता असं म्हणायची सोय नाही, कारण त्यातली एक वेलांटी मीच दुरुस्त केली.

१५० स्क्वेअर फूट, १२ रुपयांनी १८०० झाले.

मशीनमधून फ्लेक्स बाहेर आला आणि कडेनं पितळी रिंगा ठोकायला माझ्याकडचं पोरगं बसलं. मजकूर त्याच्याच गल्लीला, त्याच्याच बापाला उद्देशून होता. त्यानं फ्लेक्स पालथा घातला आणि मागच्या पांढऱ्या बाजूनं मोजून रिंगा ठोकल्या, दर दोन फुटाला एक. काही बोललं नाही. संध्याकाळी रोजच्यासारखं “दादा, जाऊ काय?” विचारून गेलं.

रात्री जेवताना आईला सांगितलं आणि लगेच पुढं जोडलं, “मी फक्त छापतो गं, लिहिणारा वेगळा.” आई ताटावरून मान वर न करता म्हणाली, “सांजंला पंचशील म्हनताना डोळं झाकतोस, ते बरोबर हाय. दुकानात बी झाकूनच बसतोस व्हय?”

मला थोडंफार पाली येतं, म्हणजे वकिली करण्यापुरतं येतं. बुद्धांचं वचन आहे, ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’. हेतू असतो, त्यालाच मी कर्म म्हणतो. मी मनात म्हटलं, सुटलो, माझा कुठं वाईट हेतू होता? मग लक्षात आलं, हेतू होताच की. अठराशे रुपयांचा होता. बुद्धांनी उपासकांना पाच धंदे करू नका म्हणून सांगितलं: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, दारूचा, विषाचा. त्यात छपाई नाही. पण ह्यातला शेवटचा शब्द मला तेव्हापासून सोडत नाही.

त्या आठवड्यात गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी एकच वाक्य लिहिलं, ‘शाहूंच्या नगरीत असं कसं घडलं?’ मीही लिहिलं, तीनशे लाईक आले. आता त्या वाक्याचा राग येतो. शाहू महाराजांनी १९०२ साली ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखीव ठेवल्या, जातीजातीच्या आणि मुस्लिम पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली, माणगाव परिषदेत बाबासाहेबांना पुढं केलं. ते त्यांचं काम होतं आणि त्यांनी केलं. १९२२ ला ते गेले. शंभर वर्षांनंतरही आपण त्यांच्या नावाचा ताईत गळ्यात बांधून फिरतो, जणू दगड हातात घेतला की महाराजच येऊन मनगट धरणार आहेत. बिंदू चौकात फुले-आंबेडकरांचे पुतळे आहेत. बाबासाहेब हयात असताना, १९५० साली भाई माधवराव बागलांनी पुढाकार घेऊन ते बसवले, हे आम्ही पाहुण्याला छाती फुगवून सांगतो. सांगून झालं की त्याच चौकात फ्लेक्स बांधायला जातो.

धम्मपदात सरळ लिहिलंय, ‘तुम्हेहि किच्चं आतप्पं, अक्खातारो तथागता’. कष्ट तुम्हीच करायचे, तथागत फक्त वाट सांगणारे. म्हणजे खुद्द बुद्धही माझ्या वाटची वेलांटी दुरुस्त करायला यायचे नाहीत. मग महाराजांना कशाला हाक मारायची?

शांतता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मूर्ती येते. मला हल्ली सभेत मतदान हरलेला एक माणूस दिसतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी गृहत्यागाची जुनी गोष्ट बाजूला ठेवली. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा, आजारी, प्रेत बघितलंच नव्हतं, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी मांडलं ते रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण. शाक्य आणि कोलिय एकमेकांवर उठले, संघाच्या सभेत युद्धाचा ठराव आला, सिद्धार्थ विरोधात उभा राहिला आणि मोठ्या बहुमतानं हरला. त्यापायी घर सुटलं. पुढं मात्र तो गेल्यावर दोन्हीकडचे लोकच युद्धाच्या विरोधात बोलू लागले आणि भांडण मिटलं.

नदीच्या पाण्यावरून माणसं काय थराला जातात, हे पंचगंगेकाठच्या माणसाला सांगायला नको. आणि नदी काय करते, तेही. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ आहे. तेव्हा माझ्याकडचे जुने फ्लेक्स लोक मागून न्यायचे. कुणी अंथरायला, कुणी धान्याच्या पोत्यांवर घालायला. एका नेत्याचा हसरा चेहरा तर आठवडाभर उलटा होऊन तांदळाच्या पोत्यांवर पडला होता. फ्लेक्सचा इतका बरा उपयोग त्याआधी कधी झाला नसेल, नंतरही नाही.

सगळं बदलतं, अनिच्च, हे आमच्यात बहुधा कुणी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी ऐकायला मिळतं. रडणाऱ्याला धीर द्यायला. मला वाटतं ते जिवंतपणीच जास्त उपयोगी आहे. चढलेलं पाणी उतरतं तसा चढलेला रागही उतरतो, कारण तोही संस्कारच, म्हणजे कारणांनी घडलेली गोष्ट, तोही टिकणारा नाही. पण त्याला रोज नवा फ्लेक्स मिळत राहिला तर तो कशाला उतरेल? आशा म्हणून माझ्याकडं एवढंच आहे. वरून काही येईल ह्यावर माझा विश्वास नाही.

त्या दिवसानंतर मी एक सवय लावून घेतली. छापण्याआधी मजकूर गिऱ्हाईकासमोर मोठ्यानं वाचून दाखवतो. नकार देत नाही, उपदेश करत नाही, नुसता वाचतो. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की पुष्कळजण आपणच म्हणतात, “ती खालची ओळ ऱ्हाऊ दे.” काहीजण चिडून दुसऱ्या दुकानात जातात आणि दोन तासांनी तोच बोर्ड चौकात दिसतो. धंदा थोडा बसलाय, खोटं कशाला सांगू. आणि त्या पोराची माफी मी अजून मागितलेली नाही. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा सांगितला.

गेल्या आठवड्यात मी चहालाच बाहेर गेलो होतो. परत आलो तर दुकानात एक गिऱ्हाईक तावातावानं उभं. पोरगं स्क्रीनसमोर बसून मजकूर मोठ्यानं वाचत होतं, माझ्याहून हळू, अक्षर न अक्षर. गिऱ्हाईक म्हणालं, “तू कोण रे आम्हाला वाचून दाखवणारा?”

“मी? मी रिंगा ठोकणारा,” पोरगं म्हणालं आणि पुढची ओळ वाचू लागलं.